आधी पॅटर्न, मग गाडी : ‘रेड बॅरन’चा १:२४ संच

खोका उघडल्यावर सर्वांत आधी हातात येते ते शिरस्त्राण. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकाच्या डोक्यावरचे, आरशासारखे लखलखणारे, मुठीत मावेल एवढे; आणि तेच या गाडीचे छप्पर आहे. बाकीचे भाग पिशवीतून बाहेर काढण्याआधीच ते आमच्या घरात सर्वांच्या हातून फिरून आले, आणि आईने ते कुंकवाच्या करंड्याचे झाकण समजून देवघराजवळ नेऊन ठेवले. तिची चूक म्हणता येणार नाही. त्या वस्तूचा मोटारीशी काही संबंध असेल, असे ती वस्तू पाहून कोणालाही वाटणार नाही.

हा ‘रेड बॅरन’ या शो कारचा १:२४ प्रमाणातला प्लास्टिक संच आहे. मोनोग्रॅम या अमेरिकन कंपनीने तो १९६८ मध्ये प्रथम बाजारात आणला आणि पुढे तो अनेकदा पुन्हा काढला गेला. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा उठवतात तो नमुना, तयार करण्याचे काम करतो. पूर्वी सागवानात, आता बहुतेक ॲल्युमिनियम आणि रेझिनमध्ये. त्यामुळे असा संच हातात आला की माझी नजर आधी साच्यावर जाते आणि मग गाडीवर. वाचकांनी हे परीक्षण त्या बेताने वाचावे.

शो कार म्हणजे काय, हे बेळगावकराला समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्याकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे चित्ररथ निघतात, त्यांच्या खालच्या ट्रॉलीने ऊस वाहावा अशी अपेक्षा त्या रात्री कोणी करत नाही. ती ट्रॉली त्या रात्रीपुरती केवळ पाहण्यासाठी असते, आणि कोणत्या मंडळाचा रथ सरस, यावर पुढे आठवडाभर चर्चा चालते. अमेरिकेत १९५०च्या आणि १९६०च्या दशकांत मोटारींच्या प्रदर्शनांसाठी नेमका हाच उद्योग चालत असे. जॉर्ज बॅरिस यांच्या कार्यशाळेत १९२९च्या फोर्ड मॉडेल ए गाडीपासून घडवलेल्या ‘अला कार्ट’ने ओकलंडच्या प्रदर्शनात १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे सर्वांत सुंदर रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचा, मान मिळवला. एड रॉथ यांनी ‘बीटनिक बँडिट’वर पारदर्शक बुडबुड्यासारखे छत बसवले आणि स्टिअरिंगचे चाक काढून मध्यभागी एकच दांडा ठेवला. डेट्रॉइटच्या अलेक्झांडर बंधूंनी डॉज ए-१०० या छोट्या मालवाहू गाडीपासून ‘डिओरा’ केली, जिला बाजूला दारेच नव्हती आणि आत शिरण्यासाठी गाडीचे तोंडच उघडावे लागे. तिला १९६७ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटोरामा या मोटारप्रदर्शनात रिडलर पुरस्कार मिळाला. या तिन्ही गाड्यांचे संच निघाले, ते १:२५ प्रमाणात, आणि मुलांनी ते भरभरून घेतले.

परंतु या सर्वांमध्ये क्रम एकच होता. आधी गाडी झाली, ती प्रदर्शनात गाजली, मग कंपनीची माणसे मोजमापे घेऊन तिच्या नकलेचा साचा करण्याच्या कामाला लागली. ‘रेड बॅरन’चा क्रम उलटा आहे, आणि मला हा संच घ्यावासा वाटला तो याच एका कारणासाठी. टॉम डॅनियल या रेखाटनकाराने ती गाडी संचासाठीच कल्पिली. त्या वेळी रस्त्यावर, गॅरेजमध्ये किंवा प्रदर्शनात अशी कोणतीही गाडी अस्तित्वात नव्हती. प्लास्टिकची गाडी लोकांना आवडते आहे, हे पाहून बॉब लॅरिव्ही या प्रदर्शन आयोजकाने तिची खरीखुरी प्रत करवून घ्यायचे ठरवले आणि डेट्रॉइटच्या चक मिलर यांनी ती घडवली. खरी गाडी १९६९ मध्ये लोकांसमोर आली. म्हणजे खेळणे हे मूळ आणि मोटार ही नक्कल. आमच्या धंद्यात यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण आमच्याकडे आधी पॅटर्न आणि मगच कास्टिंग, म्हणजे ओतीव वस्तू, असते. मात्र कास्टिंग पॅटर्नबरहुकूम निघत नाही, तेव्हा गिऱ्हाईक आमच्या दारात येऊन उभे राहते, आणि इथेही तसे झालेच. संचातल्या गाडीला विमानाचे मर्सिडीज इंजिन आहे; खऱ्या गाडीला पाँटिअॅकचे ओव्हरहेड कॅमचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवावे लागले.

विमानाच्या इंजिनाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण डॅनियल यांनी इथे एक बारीक विचार केलेला दिसतो. मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन हा ‘रेड बॅरन’ म्हणून ओळखला जाणारा जर्मन वैमानिक. त्याच्या नावावर ८० विमाने पाडल्याची नोंद आहे आणि तो २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. चित्रांतून आपल्याला परिचित असते ते त्याचे तीन पंखांचे लाल फोकर विमान. परंतु त्या विमानाला रोटरी इंजिन होते, म्हणजे पंख्याबरोबर सगळे सिलिंडरच गरगर फिरत. असे इंजिन मोटारीच्या नाकावर बसवणे हा नुसता विनोद झाला असता. रिश्टहोफेनने त्याआधी लाल रंगाची अल्बाट्रॉस विमानेही चालवली होती, आणि त्यांना मर्सिडीजचे एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन असे. डॅनियल यांनी ते उचलले. ते मोटारीत लांबीने नीट बसते, त्याची सहा धुराडी एका बाजूने ओळीत काढता येतात, आणि बॅरनशी असलेला धागाही तुटत नाही. गंमत म्हणून केलेल्या वस्तूत एवढी शिस्त पाळलेली दिसली की कारागिराला बरे वाटते.

आता साच्याकडे वळतो. त्या काळात अशा संचांसाठी लाकडाचा पॅटर्न हाताने, प्रत्यक्ष संचापेक्षा बराच मोठा कोरत आणि पेंटोग्राफच्या साहाय्याने तो लहान करत पोलादाच्या साच्यात उतरवत. आज आमच्या शेजारच्या शेडमध्ये सीएनसी यंत्र रात्रभर एकटेच चालते. परंतु माझे वडील ज्या पद्धतीने रंधा आणि पटाशी घेऊन वळणे काढत, त्या पद्धतीची खूण या संचाच्या अंगावर मला दिसते. कौलच्या, म्हणजे काचेच्या पुढच्या भागाच्या गोलाईकडे उजेडात तिरके धरून पाहावे. ती वळणे यंत्राने मोजून काढल्यासारखी एकसुरी नाहीत. उतारही विचारपूर्वक ठेवलेला आहे. साच्यातून वस्तू सुटून यायची तर तिच्या भिंतींना थोडा कल द्यावा लागतो, हे आमच्याकडे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात. आणि शिरस्त्राणाचा आकार पाहा, तो वाटीसारखा कडेकडे रुंद होत जातो, त्यामुळे साच्यातून सुटण्यासाठीच जणू तो जन्मला आहे. प्रदर्शनासाठी आधी पत्र्यात किंवा फायबरग्लासमध्ये घडवलेल्या गाड्यांचे संच करताना साचेवाल्याला अनेक ठिकाणी आकाराशी तडजोड करावी लागते. इथे रेखाटनकाराला पहिल्या रेघेपासून साच्याचीच चिंता होती.

१:२४ या प्रमाणाचा एक फायदा कार्यशाळेत काम करणाऱ्यांना लगेच कळेल. एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. जुनी फूटपट्टी घेतली की हिशेब तोंडीच होतो, आणि एखादा भाग नव्याने करण्याची वेळ आली तर ते फार सोयीचे पडते.

तशी वेळ माझ्यावर आलीच. विक्रेत्याच्या संगणकात आमचे गाव ‘बेळगाव, महाराष्ट्र’ असे होते आणि पार्सल वाहून आणणाऱ्यांच्या यादीत ‘बेळगावी, कर्नाटक’. या दोघांचे एकमत होईपर्यंत खोका कोल्हापूरहून माघारी पुण्याला जाऊन आला. सीमाभागातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही, पण अकरा दिवसांच्या या यात्रेत खोक्याचा एक कोपरा चेपला आणि कौलवर बसणाऱ्या दोन मशिनगनपैकी एकीची नळी मोडली. मी इंजेक्शनची वापरलेली सुई उकळून घेतली, तिचे टोक कानशीने घासून सपाट केले आणि योग्य लांबीचा तुकडा कापून नळीच्या जागी बसवला. सुई मुळातच पोकळ असल्याने तिला बंदुकीचे तोंड आपोआप मिळाले, जे संचातल्या भरीव नळीला नसते. दुसऱ्या दिवशी मी दुसरी, न मोडलेली नळीही कापून टाकली आणि तिथेही सुई बसवली. हा खर्च काही रुपयांचा आहे आणि ज्यांचा खोका धड पोहोचेल त्यांनीही तो करावा.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ त्या बंदुका पाहिल्या आणि म्हणाले, “अहो, डोळ्यांसमोर दोन बंदुका ठेवल्या तर चालवणाऱ्याला रस्ता दिसणार कसा?” प्रश्न रास्त आहे. मात्र शो कार चालवायची नसते, ढकलत प्रदर्शनात न्यायची असते, हे उत्तर त्यांना पटले नाही.

संचाची खरी परीक्षा चकाकणाऱ्या भागांवर आहे. शिरस्त्राण, बंदुका, इंजिन, धुराडी असे पुष्कळ भाग तसे आहेत. हा मुलामा क्रोमचा नसतो. आधी लाखेसारखा एक थर, त्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ धरवून आलेला अत्यंत पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना असते. प्लास्टिक जोडण्याचा पातळ गोंद प्रत्यक्षात गोंद नसून द्रावक असतो. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळतो. मुलाम्यावर त्याचे काहीच चालत नाही. त्यामुळे प्रत्येक जोडावर पात्याने मुलामा खरवडून आतले प्लास्टिक उघडे करावे लागते. सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना लागून येतात त्या रनरला भाग जिथे जोडलेला असतो त्या गेटपाशी कापल्यावर पांढरी-लाल जखम उरते, ती वेगळीच. फाउंड्रीत गेट घासून टाकला की काम झाले, कोणाला दिसत नाही. इथे घासलेली प्रत्येक जागा आरशावरच्या ओरखड्यासारखी डोळ्यांत भरते.

माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाम्याचा मोह येथे जरा जास्त झाला आहे. शिरस्त्राण चकाकावे, हे मान्य. तोच या गाडीचा मुकुट आहे. परंतु इंजिनही तितकेच चकाकले की सिलिंडर, नळ्या आणि झाकणे यांतला फरक नजरेला कळत नाही, आणि ज्या इंजिनावर एवढा विचार झाला ते एक लखलखीत ढेकूळ होऊन बसते. मी इंजिनाचे भाग साध्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवले. थोड्या वेळात ॲल्युमिनियम विरघळून गेले, खालचा थर मिथिलेटेड स्पिरिटने पुसून काढला आणि मग काळा, राखी व पितळी अशा तीन रंगांत इंजिन रंगवले. ब्लीच वापरताना हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. ज्यांना एवढी खटपट करायची नाही त्यांनी काळा रंग अगदी पातळ करून मुलाम्यावरून सोडावा. तो खाचांमध्ये उतरतो आणि आकार उठून दिसू लागतो.

बॉडी लाल प्लास्टिकचीच असते, आणि नुसते पॉलिश करूनही गाडी पुरी करता येईल. तसे केल्यास ती खेळण्यासारखी दिसते, कारण रंगीत प्लास्टिकच्या पातळ कडांतून उजेड थोडा आरपार जातो. त्या काळातल्या शो कारचा लाल रंग साधा नव्हता. खाली सोनेरी किंवा रुपेरी थर देऊन त्यावर पारदर्शक लाल रंगाचे अनेक हात देत. त्याला कँडी ॲपल म्हणत, आणि तो ‘जो बेलन’ नावाच्या कारागिराशी जोडला जातो. उजेड लाल थरातून आत जाऊन खालच्या धातूवरून परत येतो, म्हणून रंगाला खोली येते. मला तोच हवा होता.

माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, पण बारीक फवाऱ्याची बंदूक नाही. म्हणून मी बॉडी घेऊन ओळखीच्या एका मूर्तिकाराकडे गेलो. गणपतीच्या मुकुटांवर सोनेरी थर देऊन त्यावर पारदर्शक रंग फवारण्याची रीत त्यांच्याकडे वडिलोपार्जित आहे, म्हणजे अमेरिकेतल्या कँडी रंगाशी त्यांचे तंत्र सख्ख्या भावासारखे जुळते. चूक झाली ती माझी. मी जुलैमध्ये गेलो. बाहेर बेळगावची झड लागलेली, भिंतींना ओल आलेली, आणि मला मात्र घाई. ते म्हणाले, “अण्णा, आज नको. हवेतच पाणी हाय.” मी ऐकले नाही. रुपेरी थर ठीक बसला. लाल थर बसल्यावर दोन मिनिटांत त्याच्यावर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा आला. द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले बाष्प त्यावर जमते, त्याचा हा परिणाम. मूर्तिकारांनी एक शब्दही न बोलता बॉडी उचलून पत्र्याच्या पेटीत ठेवली, आत चाळीस वॅटचा दिवा लावला आणि ते हत्तीच्या सोंडेकडे परत वळले. पाऊस उघडलेल्या एका दुपारी त्यांनी हळू उडणारे द्रावक मिसळून एक अगदी हलका हात फिरवला, तेव्हा पडदा विरला आणि खालचा लाल रंग पुन्हा वर आला. तिथल्या कडेवर आजही सकाळच्या उन्हात रुपेरी कण दिसतात.

आणखी एक सावधगिरी. मोटारीच्या रंगाच्या दुकानात मिळणारे एनसी थिनर पॉलिस्टायरीनला खाते. आधी प्रायमरचे दोन-तीन कोरडे, पातळ हात दिल्याशिवाय त्या रंगाच्या नादी लागू नये, आणि पहिला प्रयोग कापून टाकलेल्या रनरवर करावा. रनर फेकून न देण्याची सवय आम्हा पॅटर्नवाल्यांना असतेच, इतरांनी ती लावून घ्यावी.

टायर मऊ विनाइलचे आहेत, मागचे चांगले रुंद. विनाइल मऊ ठेवण्यासाठी त्यात जे तेलकट द्रव्य घातलेले असते ते वर्षानुवर्षे पॉलिस्टायरीनला टेकून राहिले की त्याला विरघळवू लागते. ज्यांनी लहानपणी केलेले संच कपाटातून काढून पाहिले आहेत त्यांनी टायरात रुतून बसलेली चाके पाहिली असतील. चाकावर टायर चढवण्याआधी मध्ये स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची अरुंद पट्टी गुंडाळावी. बाहेरून ती अजिबात दिसत नाही.

टपाल आणि सीमाशुल्क धरून मला हा संच साडेपाच हजारांच्या आसपास पडला. एवढ्या पैशांत त्याच आकाराची तयार, धातूची गाडी मिळू शकते, आणि ज्यांना केवळ कपाटात मांडायची आहे त्यांनी तीच घ्यावी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिला संच म्हणून हा देऊ नये. मुलाम्याचे जोड त्याचा धीर संपवतील. ज्याने तीन-चार संच आधी जोडले आहेत, ज्याला साचा, गेट आणि सांधा यांत रस आहे, आणि ज्याला खरी गाडी कशी होती यापेक्षा एक कल्पना वस्तूत कशी उतरते हे पाहायचे आहे, त्याने मात्र बेलाशक घ्यावा. आणि आपल्या भागात राहत असेल तर दिवाळी झाल्यावर घ्यावा. बेळगावचा डिसेंबर रंगकामासाठी फार चांगला असतो.

गाडी आता शोकेसमध्ये आहे. शिरस्त्राण बसवताना मुलामा खरवडण्याचे पाते घसरून मागच्या बाजूला एक बोटभर ओरखडा उमटला आहे आणि तो झाकण्याचा कोणताही उपाय मला सापडला नाही, म्हणून ती बाजू भिंतीकडे ठेवली आहे. सुभेदारसाहेबांनी पहिल्याच भेटीत गाडी उचलून फिरवून पाहिली.